चुकली ती चाल की निर्णय?

नंदुरबार : जॉर्जियातील बातुमी येथे २८ जुलै २०२५ रोजी नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये नमवून महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. या एका विजयाने एकोणीस वर्षांची दिव्या थेट ग्रँडमास्टर झाली. भारताची ती ८८वी ग्रँडमास्टर, आणि भारतीय महिलांमध्ये चौथी. स्पर्धेला येईपर्यंत तिच्या नावावर या किताबासाठी लागणारा एकही नॉर्म नव्हता. आईला मिठी मारून रडून झाल्यावर ती मुलाखतीला आली, तेव्हा तिने आनंदाबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली. आपल्याला डावाची अखेर खेळायला शिकले पाहिजे, असे ती म्हणाली. एका टप्प्यावर आपण डाव बिघडवला; वास्तविक तो सहज जिंकता यायला हवा होता, असाही तिचा हिशेब होता.

पाच दिवस आधी, २३ जुलैला, उपांत्य फेरीत माजी विश्वविजेती तान झोंगयी हिला तिने १०१ चालींच्या डावात हरवले होते. तेव्हाही तिचे बोलणे याच धर्तीचे होते. आपण जिंकत होतो, मग डाव गुंतागुंतीचा झाला, मधल्या टप्प्यात घोळ घातला, यापेक्षा सरळ विजय मिळायला हवा होता, असे तिने सांगितले.

जिंकलेल्याने जिंकल्याच्या क्षणी स्वतःची चूक मांडणे हा वरवर पाहता विनय वाटतो. बुद्धिबळात ती कामाची पद्धत आहे. निकाल काय लागला आणि निर्णय कसा घेतला, या दोन गोष्टी या खेळात वेगवेगळ्या मोजल्या जातात. वाईट निर्णयाने डाव जिंकता येतो आणि चांगल्या निर्णयाने हरताही येतो. हे वेगळेपण ज्याला कळले नाही, तो शंभर डाव खेळूनही तेथेच राहतो.

बुद्धिबळाच्या बातम्यांत ‘व्यूहरचना’ आणि ‘डावपेच’ हे शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. खेळाडू त्यांत फरक करतात. घोडा कोणत्या घरात असावा, प्याद्यांची साखळी कशी असावी, पटाच्या कोणत्या बाजूला खेळायचे, हा विचार व्यूहरचनेचा. त्यात एखादी चाल मागेपुढे झाली तरी फारसे बिघडत नाही. डावपेच म्हणजे जेथे प्रत्येक चालीला उत्तर द्यावेच लागते असा भाग : शह, मारामारी, एकाच वेळी दोन मोहऱ्यांवर हल्ला, राजासमोर जखडलेला मोहरा, जाणूनबुजून दिलेले बलिदान. येथे एक चाल आधी किंवा एक चाल नंतर यावर सारा निकाल फिरतो. डावपेचाचा निर्णय चुकला तर तो सुधारण्याची संधी बहुधा मिळत नाही. म्हणूनच डाव संपल्यावर खेळाडू ज्याविषयी बोलतात, तो भाग प्रायः हाच असतो.

फोनमधला परीक्षक

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. क्रीडा विभागाच्या शालेय स्पर्धांमध्ये बुद्धिबळाचा समावेश असल्याने नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा किंवा धडगावच्या विद्यार्थ्यालाही तालुका, जिल्हा, मग नाशिक विभाग आणि पुढे राज्य असा मार्ग कागदोपत्री खुला असतो. पुण्या-मुंबईच्या मुलाला डाव संपल्यावर शेजारी बसून ‘ही चाल का केलीस?’ असे विचारणारा प्रशिक्षक मिळतो. सातपुड्याच्या पायथ्याशी तो मिळणे अवघड. तेथे ती जागा मोबाईलने घेतली आहे. स्टॉकफिशसारखे इंजिन फुकट मिळते आणि ते कोणत्याही विश्वविजेत्यापेक्षा कितीतरी पटींनी बलवान आहे. डाव त्यात भरला की काही क्षणांत प्रत्येक चालीपुढे खूण उमटते : ही अचूक, ही किंचित कमी, ही घोडचूक.

सोय मोठी आहे, यात शंका नाही. पंचवीस वर्षांपूर्वी ग्रँडमास्टरलाही जे मिळत नव्हते, ते आज आठवीतल्या मुलाच्या हातात आहे. परंतु इंजिन जो आकडा दाखवते त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. ‘अधिक दोन’ म्हणजे पांढऱ्याची बाजू साधारणपणे दोन प्याद्यांइतकी वरचढ आहे. मात्र दोन्ही बाजूंनी यापुढे यंत्रासारखे अचूक खेळले तर, ही अट त्यात गृहीत असते. वीस चालींची एकच चिंचोळी वाट जिंकून देत असेल आणि बाकी सगळ्या वाटा हरवत असतील, तरी आकडा वरचढच दिसतो. माणसाला ती वाट सापडेल काय, घड्याळात किती वेळ उरला आहे, समोरच्याला कशाची भीती वाटते आहे, यातले काहीही त्या आकड्यात नसते.

आणखी एक उणीव आहे. यंत्र ‘घोडचूक’ म्हणते, पण ती कोणत्या जातीची, हे सांगत नाही. योग्य चाल खेळाडूला दिसलीच नाही काय? दिसली, पण पुढच्या हिशेबात गफलत झाली काय? की दिसली, हिशेबही बरोबर होता, आणि तरीही धीर झाला नाही? तिन्हींच्या पुढे खूण एकच उमटते. तिन्हींवरचे उपाय मात्र संपूर्ण वेगळे आहेत. पहिल्याला कोडी सोडवण्याचा सराव हवा, दुसऱ्याला हिशेबाची शिस्त हवी आणि तिसऱ्याचा प्रश्न बुद्धिबळाच्या पुस्तकात सुटणारा नाही. कोणती चूक कोणत्या जातीची, हे फक्त चाल करणाऱ्यालाच सांगता येते.

याचे सर्वांत प्रसिद्ध भारतीय उदाहरण सोची येथे १५ नोव्हेंबर २०१४ रोजी घडले. विश्वविजेतेपदाच्या लढतीचा सहावा डाव, मॅग्नस कार्लसन आणि विश्वनाथन आनंद यांची बरोबरी, प्रत्येकी अडीच गुण. पांढरी मोहरी घेऊन खेळणाऱ्या कार्लसनची बाजू बरी होती. सव्विसाव्या चालीला त्याने राजा डी-२ या घरात नेला. ही सरळ चूक होती. आनंदच्या घोड्याने ई-५ वरचे प्यादे मारले असते, तर कार्लसनच्या हत्तीने जी-८ वरचा काळा हत्ती मारला असता. पण तोच घोडा सी-४ वरचे दुसरे प्यादे शह देत मारू शकत होता. राजा डी-२ मध्ये आल्यामुळेच हा शह लागत होता. शहाला उत्तर देणे भाग, आणि त्यानंतर आनंदने आपला हत्ती वसूल केला असता. दोन प्यादी फुकट मिळाली असती.

आनंदने मिनिटभरातच पटाच्या दुसऱ्या बाजूचे प्यादे पुढे सारले. चाल करताच त्याला आपण काय गमावले ते दिसले. कार्लसनला आपली चूक त्याही आधी, राजावरचा हात उठताच कळली होती, आणि समोरचा काय खेळतो हे पाहत तो बसून होता. तो डाव आनंद हरला, पुढे लढतही हरला.

हा डावपेच अवघड नव्हता. जिल्हा स्तरावर खेळणाऱ्या मुलालाही तो कोडे म्हणून दिला तर दोन-तीन मिनिटांत सुटेल. मग पाच वेळा जगज्जेता झालेल्या खेळाडूला तो का दिसला नाही? आनंदने नंतर दिलेले स्पष्टीकरण असे होते की भेट मिळेल अशी अपेक्षाच नसेल, तर माणूस ती घेत नाही. आपण बचावात आहोत, समोर जगातील सर्वांत अचूक खेळाडू आहे, तो अशी चूक करणार नाही, असे मनाने आधीच ठरवले होते. त्यामुळे शोधच झाला नाही. पहिल्या जातीची चूक ती हीच. कोडे सोडवताना येथे काहीतरी आहे हे आपल्याला ठाऊक असते. खऱ्या डावात ते कोणी सांगत नाही. आनंदच्या त्या एका वाक्यातून जे शिकता येते, ते इंजिनच्या दोन प्रश्नचिन्हांतून येत नाही.

चाळीस मिनिटे आणि पाणघोडा

खेळाडू चाल ठरवताना प्रत्यक्षात काय करतो, याविषयी दोन टोकांची मते आहेत. सोव्हिएत ग्रँडमास्टर अलेक्झांडर कोटोव्हने आपल्या पुस्तकात कडक शिस्त सांगितली. आधी सर्व संभाव्य चाली मनाशी नोंदवाव्यात, मग झाडाच्या फांद्या तपासाव्यात तशी एकेक शाखा एकदाच, शेवटपर्यंत तपासावी, मागे वळून पुन्हा त्याच फांदीवर जाऊ नये. त्याच पुस्तकात त्याने एक दुखणेही वर्णन केले आहे, ते आजही त्याच्या नावाने ओळखले जाते. खेळाडू दोन चालींमध्ये अर्धा तास हेलकावे खातो, दोन्हींत काही ना काही दोष सापडतो, घड्याळाकडे लक्ष जाते, आणि घाईने तो तिसरीच चाल करतो, जिचा क्षणभरही विचार केलेला नसतो. ती बहुधा सर्वांत वाईट निघते. गल्लीतल्या कट्ट्यावरच्या खेळाडूंनाही हे दुखणे ओळखीचे वाटेल.

दुसऱ्या टोकाला मिखाईल ताल आहे. १९६४ च्या सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धेत वास्युकोव्हविरुद्ध घोड्याचे बलिदान द्यावे की नाही, असा प्रश्न त्याच्यासमोर होता. हिशेब करता करता फांद्यांचे जंगल झाले आणि त्याच्या डोक्यात लहानपणी वाचलेल्या एका बालगीतातला पाणघोडा शिरला. दलदलीत रुतलेला पाणघोडा ओढून कसा काढायचा? तालने त्यावर बराच काळ विचार केला. जॅक लावून पाहिले, तरफा लावून पाहिल्या, हेलिकॉप्टर आणि दोरीची शिडीही झाली. शेवटी ‘बुडू दे त्याला’ असे म्हणून तो पटाकडे परतला. तेव्हा लक्षात आले की या बलिदानाचा शेवटपर्यंत हिशेब होणे शक्यच नाही. त्याने अंतःप्रेरणेवर घोडा दिला आणि डाव जिंकला. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात त्याने वाचले की चाळीस मिनिटे सखोल विचार करून तालने अचूक मोजलेले बलिदान दिले. वृत्तपत्राच्या वाचकांनी आणि वार्ताहरांनीही ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तालने हे स्वतः सांगितले नसते, तर त्या चाळीस मिनिटांचा खरा हिशेब कोणालाही कळला नसता. मात्र यावरून ‘प्रतिभावंतांना हिशेब लागत नाही’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रूट याने अनेक खेळाडूंना पटासमोर बसवून मोठ्याने विचार करायला लावले होते. त्यांत अलेखाइन आणि केरेस यांच्यासारखे जगातले अव्वल खेळाडू होते आणि साधे क्लबचे खेळाडूही होते. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रबंधातील निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होता. अव्वल खेळाडू साध्या खेळाडूपेक्षा फार जास्त चाली पाहत नव्हते, फार खोलही जात नव्हते. ते मुळात चांगल्या चाली पाहत होते. पट काही सेकंद दाखवून झाकला, तर त्यांना तो जवळजवळ जसाच्या तसा मांडता येत असे. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत चेस आणि सायमन या संशोधकांनी मोहरी कशीही विस्कटून मांडली, तेव्हा अव्वल खेळाडूंचे हे वर्चस्व जवळजवळ नाहीसे झाले. म्हणजे स्मरणशक्ती असाधारण नव्हती. ओळखीचे आकृतिबंध हजारोंनी साठलेले होते. ‘अंतःप्रेरणा’ हा ज्याला आपण शब्द देतो, ती बरीचशी ही साठवण असते. तालचा घोडाही त्या साठवणीतूनच आला.

नाशिकची तयारी, टोरांटोचा पट

काही डावपेच पटावर सुचतच नाहीत. ते घरून आणलेले असतात. नंदुरबारला जवळचे असे उदाहरण नाशिकच्या विदित गुजराथीचे आहे. २०२३ मध्ये आइल ऑफ मॅन येथील ग्रँड स्विस स्पर्धेत पहिलाच डाव हरूनही विदितने अकरांपैकी साडेआठ गुणांसह विजेतेपद मिळवले आणि कँडिडेट्स स्पर्धेत प्रवेश केला. जगज्जेत्याला आव्हान कोणी द्यायचे, ते ठरवणारी ही आठ जणांची स्पर्धा एप्रिल २०२४ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे झाली.

दुसऱ्या फेरीत त्याच्यासमोर अमेरिकेचा हिकारू नाकामुरा होता. नाकामुरा त्याआधी दीर्घ पल्ल्याच्या सलग ४७ डावांत हरलेला नव्हता. काळी मोहरी घेतलेल्या विदितने अकराव्याच चालीला आपला उंट एच-३ वरच्या प्याद्यावर टाकला. अशा बलिदानाचा व्यवहार साधारण असा असतो : उंट देऊन राजासमोरची दोन प्यादी मिळतात, राजाची भिंत फुटते, आणि वजीर व घोडे तेथे पोहोचतील इतका वेळ समोरच्याला सावरता येऊ नये, अशी अपेक्षा असते. हिशेबात तोटा दिसतो. नफा वेळात आणि समोरच्याच्या अस्वस्थतेत असतो. नाकामुराला पुढे उत्तर सापडले नाही आणि विदितने २९ चालींत डाव जिंकला.

एवढ्या लवकर येणारे बलिदान बहुधा घरच्या टेबलावर शिजलेले असते, आणि विदितच्या तयारीची त्या दिवशी सर्वत्र वाखाणणी झाली. आता प्रश्न असा की येथे निर्णय कोणता? उंट देण्याची चाल इंजिनसोबत तपासून ठेवता येते. पण ती या माणसाविरुद्ध, या दिवशी वापरायची, समोरचा जलद खेळणारा आणि बचावात चिवट असताना त्याला आधी कधी न पाहिलेल्या जागी ओढायचे, हा निर्णय यंत्राचा नसतो. तयारी जेथे संपते तेथून पुढचा प्रत्येक हिशेब एकट्याचा असतो. तोही विदितने त्या दिवशी नीट केला.

नवव्या फेरीत पांढऱ्या मोहऱ्यांनी विदितने नाकामुराला पुन्हा हरवले. त्या स्पर्धेत स्वतः विदितला १४ पैकी सहाच गुण मिळाले. तिसऱ्या आणि चौथ्या फेरीत तो लागोपाठ प्रज्ञानंद आणि नेपोम्नियाची यांच्याकडून हरला. पण नाकामुरा साडेआठ गुणांवर थांबला आणि नऊ गुण मिळवणारा डी. गुकेश आव्हानवीर झाला. अंतर अर्ध्या गुणाचे होते. गुकेशच्या जगज्जेतेपदाच्या वाटेत नाशिकच्या त्या उंटाचाही थोडा वाटा आहे, असे म्हटले तर ते अगदीच अतिशयोक्त ठरणार नाही.

घड्याळाची बाजू

पुन्हा बातुमीकडे. दिव्या आणि हम्पी यांच्यातील अंतिम लढतीचे दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटले. या डावांत पहिल्या चाळीस चालींना दीड तास मिळतो, पुढे अर्धा तास, आणि प्रत्येक चालीमागे तीस सेकंद जमा होतात. टायब्रेकच्या पहिल्या दोन डावांत हेच माप पंधरा मिनिटे आणि चालीमागे दहा सेकंदांवर येते. म्हणजे वेळ संपत आला की पुढचा सगळा डाव दहा-दहा सेकंदांच्या उसनवारीवर चालतो. पहिला जलद डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्यात हम्पीकडे पांढरी मोहरी होती. तिची वेळ आधी संपत आली. दोघींच्याही हातून चुका झाल्या, पारडे एकदा इकडे, एकदा तिकडे झुकले, आणि शेवटची चूक हम्पीची ठरली. पंचाहत्तराव्या चालीनंतर तिने डाव सोडला.

हम्पी २००२ मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झालेली, दोनदा जलद बुद्धिबळाची जगज्जेती. अशा खेळाडूला अखेरच्या टप्प्याचे ज्ञान नव्हते असे कोण म्हणेल? इंजिनच्या नोंदीत त्या डावाच्या उत्तरार्धात दोघींच्या नावापुढे लाल खुणांची रांग लागते. ती पाहून घरी बसलेल्या प्रेक्षकाला वाटते, हे तर आपल्यालाही दिसले असते. दिसले असते, कारण आकडा बाजूलाच झळकत होता. दहा सेकंदांत, जगज्जेतेपदाच्या दारात, समोर आकडा नसताना काय दिसले असते, हा वेगळा प्रश्न आहे.

म्हणूनच दिव्याचे म्हणणे लक्षात घेण्यासारखे आहे. तिने घड्याळाला दोष दिला नाही. अखेरचा टप्पा शिकला पाहिजे, असे ती म्हणाली. वेळ नसताना हात ज्या चालीकडे जातो, ती चाल आधी शिकून मुरलेली असावी लागते. दहा सेकंदांत नवे काही शोधता येत नाही. द ग्रूटच्या निष्कर्षाशी हे जुळते. दुखणे घाईचे दिसले तरी औषध सरावात आहे, हे एकोणीस वर्षांच्या खेळाडूने करंडक हातात येण्याआधीच ओळखले, ही त्या मुलाखतीतली सर्वांत मोलाची गोष्ट होती.

घड्याळ आणि थकवा यांच्या जोडीला समोरच्याचा चेहराही असतो. सिंगापूर येथे १२ डिसेंबर २०२४ रोजी गुकेश आणि डिंग लिरेन यांच्यातील चौदावा, शेवटचा डाव. दोघांचे साडेसहा गुण. गुकेशकडे एक प्यादे जास्त होते, पण डाव बरोबरीकडे चालला होता. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ-२ मध्ये आणून हत्तींच्या अदलाबदलीचा प्रस्ताव ठेवला. मोहरी कमी झाली की डाव सोपा होतो, हा सर्वसाधारण नियम. पण त्याचा उंट ए-८ च्या कोपऱ्यात होता. हत्ती गेल्यावर गुकेशचा उंट डी-५ वर उभा राहिला की डिंगच्या उंटाला पळायला घर उरत नव्हते. उंटही बदलले जाणार, आणि मागे राहिलेली प्यादी गुकेशची जास्त.

या क्षणाविषयी दोघांनी सांगितलेले एकत्र वाचावे. गुकेश म्हणाला, ती चूक मला प्रथम दिसलीच नव्हती. मी हत्तीची दुसरीच चाल करायला निघालो होतो, तेवढ्यात त्याचा उंट अडकतो आहे हे लक्षात आले. डिंग म्हणाला, आपण चुकलो हे मला गुकेशच्या चेहऱ्यावरचा आनंद आणि उत्तेजना पाहून समजले. म्हणजे अठरा वर्षांचा मुलगा जगज्जेता होणार की नाही, हे काही सेकंद अधांतरी होते, आणि इंजिन पाहणाऱ्या लाखो प्रेक्षकांना ते त्या दोघांच्या आधी कळले होते. गुकेशने उचललेला हात मागे घेऊन पुन्हा पाहिले. आनंदने २०१४ मध्ये सोचीत पाहिले नव्हते. दोन्ही वेळी समोर जगज्जेताच होता, दोन्ही वेळी चूक अनपेक्षित होती.

गुणपत्रकात न उरणारा डाव

दिव्या, विदित किंवा गुकेश यांचे डाव इलेक्ट्रॉनिक पटावर खेळले जातात. प्रत्येक चाल आणि तिला लागलेला वेळ आपोआप नोंदला जातो. शालेय स्पर्धेत तसे नसते. दीर्घ पल्ल्याच्या डावात दोन्ही खेळाडूंनी चाली लिहून ठेवणे आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बंधनकारक आहे, पण जलद डावात ही सक्ती नाही. दिवसभरात पाच-सात फेऱ्या उरकायच्या असल्याने स्थानिक स्पर्धा बहुधा जलदच घेतल्या जातात. परिणामी मुलगा सकाळी येतो, संध्याकाळी गुण घेऊन घरी जातो, आणि तो कसा हरला याची नोंद कोठेही राहत नाही. फोनमधल्या परीक्षकाला तपासायला काहीच उरत नाही.

यावर जुना उपाय आहे आणि तो फुकट आहे. डाव संपताच दोघांनी मोहरी पुन्हा मांडून, कोणी काय पाहिले ते एकमेकांना सांगावे. बुद्धिबळाच्या जगात त्याला ‘पोस्टमॉर्टेम’ म्हणतात. हरलेल्याला ते नकोसे वाटते, जिंकलेल्याला घाई असते. तरीही मोठ्या स्पर्धांतून इंजिनच्या काळातही ही प्रथा टिकून आहे. माजी जगज्जेता मिखाईल बोटविनिक तर याच्याही पुढे जाऊन, खेळाडूने आपल्या डावांवर टिपा लिहून त्या छापाव्यात असा आग्रह धरी, म्हणजे चूक दाखवायला इतरही पुढे येतात.

आधी आठवणीतून टीप लिहावी आणि मग इंजिन उघडावे, हा क्रम महत्त्वाचा आहे. उलट केले की यंत्राने दाखवलेली चाल आपल्यालाही दिसली होती, असे मन स्वतःला पटवून देते. टिपेत फार काही लागत नाही : चाल कोणती केली, दुसरी कोणती मनात होती, ती का सोडली, घड्याळात किती उरले होते.

ही टीप डाव चालू असताना लिहिता येत नाही. चाल आधी कागदावर लिहायची, क्षणभर थांबून पट पुन्हा पाहायचा आणि मगच मोहरा हलवायचा, अशी सवय सोव्हिएत प्रशिक्षक मुलांना लावत असत. २००५ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनी चाल करण्याआधी ती लिहिण्यास मनाई केली आहे. नोंदपत्रकावर केलेल्या चाली, घड्याळाची वेळ, बरोबरीचे प्रस्ताव आणि तक्रारीसंबंधीचा मजकूर एवढेच लिहिण्याची मुभा असते. मनातला विचार त्यावर लिहिणे नियमबाह्य ठरते. तो डाव संपल्यावर, पुढच्या फेरीची जोडी जाहीर होण्यापूर्वी, वेगळ्या वहीत उतरवावा लागतो.